शिंदे घाटावरील रायगड

काशीयात्रा करून आलेल्या माणसास आपल्याकडे प्रथम क्षेमकुशल विचारीत नाहीत, "काशीत काय सोडलेत?" असे विचारतात. विश्वेश्वराच्या क्षेत्री जाऊन आपल्या आवडीचा एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडावा, हा संकेत पूर्वजांनी मोठ्या श्रद्धेने घालून दिला खरा; परंतु त्यांच्या चतुर वंशजांनी त्यातून अशी काही पळवाट काढली आहे की, आजवर जितकी कारली, जितकी पडवळे आणि जितके दुधी भोपळे गंगार्पण झाले असतील तितके महाराष्ट्राच्या भूमीत पिकलेही नसतील, आणि हापूस आंबा सोडून आलेला रत्नागिरीकर मात्र अद्याप माझ्या दृष्टीस पडलेला नाही. मी स्वतः काहीच सोडले नाही. त्यात माझ्या लोभीपणाचा भाग असेलच. पण मुख्य कारण असे की, ज्या घरी मी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकला त्या माझ्या आत्याच्या घरात कोणतीही वस्तू सोडण्यास, टाकण्यास किंवा फेकण्यास सक्त मनाई आहे. रिकामी काड्यापेटी, मोडकी छत्री, जुनी लग्नपत्रिका, नारळाची करवंटी, यांपैकी काहीही टाकावयास निघालेल्या इसमास आत्याची नातवंडे दारातच अडवितात आणि "ते आम्हांला पाहिजे" एवढेच सांगून मुद्देमाल जप्त करतात. ज्या नगरीत लोक सर्वसंगपरित्याग करावयास येतात तिच्या ऐन मध्यावर राहून या मुलांनी संग्रहाचे व्रत इतक्या निष्ठेने चालविले आहे की, वैराग्य या विषयावर काशीत कोणाशी बोलावयाचे झाल्यास मी तरी त्या घरापासून दूर जाऊन बोलेन.

आत्याचे घर शिंदे घाटाच्या माथ्यावर, संकठा देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीस पाठ लावावी आणि सांड आला तर दोघांनीही लावावी, अशी त्या गल्लीची रुंदी आहे. घाटाच्या दक्षिणेस लागूनच मणिकर्णिका, म्हणजे अहोरात्र धूर. आणि उत्तरेस चालू लागले की संकठा घाट, गंगामहाल, भोसले घाट, पुढे अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट, मग जटार घाट, ग्वाल्हेरचा घाट, अशी ओळखीची नावे कानावर येऊ लागतात. मराठ्यांनी अटकेपार झेंडे लावले हे आपण शाळेत घोकतो. काशीत त्यांनी दगडी पायऱ्या लावल्या, हे तेथे जाऊन घाम गाळीत चढल्यावाचून नीट कळत नाही. ज्या दौलतींनी हयातभर एकमेकींच्या मुलखात फौजा घातल्या, एकमेकींची चौथाई बुडविली आणि एकमेकींचे वकील उन्हात ताटकळत ठेवले, त्या येथे खांद्यास खांदा लावून मुकाट उभ्या आहेत. गंगेने एवढा एक तह घडवून आणला, आणि त्यास कोणाची मोहोर लागली नाही.

शिंदे घाट बांधविला तो बायजाबाई शिंद्यांनी. कागलच्या घाटग्यांची ही लेक दौलतरावांच्या घरात आली, १८२७ साली दौलतराव वारल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, आणि १८३३ साली दत्तकपुत्राशी बिनसून ग्वाल्हेर सोडीपर्यंत तो अशा करारीपणाने चालविला की, इंग्रज मुत्सद्द्यांना तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागत. ज्ञानवापीवरचा खांबांचा मंडप तिने १८२८ साली उभारला आणि १८३० च्या सुमारास हा घाट. घाट इतका भव्य योजिला की त्याचा भार नदीकाठच्या मातीस पेलवेना, आणि बांधकाम खचून कलले. विसाव्या शतकात ते नव्याने उभे करावे लागले. यातील मौज अशी की, फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई १८३५ साली फतेगडास बायजाबाईंच्या छावणीत भेटीस गेली होती. इंग्रज स्त्रिया घोड्यावर दोन्ही पाय एकाच अंगाला टाकून, कलत्या कशा बसतात, याचे बाईसाहेबांना व त्यांच्या परिवारातील बायकांना मोठे नवल वाटले, असे तिने आपल्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेवले आहे. मराठा बायका घोड्यावर मांड टाकून सरळ बसत. अशा बाईच्याच घाटाने काशीस येऊन नेमकी ती इंग्रजी बैठक मारावी, याला दैवाची थट्टा म्हणण्यापलीकडे मला शब्द सुचत नाही.

घाट पुन्हा सरळ झाला. पण त्याच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र आपल्या कलतेपणावर ठाम आहे. इतर देवळे पायऱ्यांच्या वर शहाणपणाने उभी; हे एकटेच खाली अगदी प्रवाहाच्या तोंडी बसलेले, वर्षातले कित्येक महिने गाभारा पाण्यात किंवा चिखलात, आणि सबंध शिखर एका बाजूला असे झुकलेले की पाहणाऱ्याची मान आपोआप दुसऱ्या बाजूला होते. कोणी म्हणतात, मानसिंहाच्या पदरच्या एका माणसाने आपल्या आईसाठी हे बांधून "मातृऋण फेडले" अशी बढाई मारली आणि देऊळ त्याच क्षणी कलले; कोणी म्हणतात, अहल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने स्वतःचे नाव देवळास दिले म्हणून मालकिणीचा शाप लागला. नावाडी दोन्ही कथा सांगतात. गिऱ्हाईकाबरोबर त्याची आई असली तर पहिली.

या देवळाचा प्रसंग मी विस्ताराने काढला तो आत्याच्या धाकट्या नातवामुळे. हा गृहस्थ सहा वर्षांचा. शाळेत 'आपल्या परिसरातील वास्तू' करून आणावयास सांगितले असता त्याने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, कणकेची खळ आणि शिखरासाठी लग्नपत्रिकेचा सोनेरी कागद घेऊन रत्नेश्वराची प्रतिकृती केली. सहा वर्षांच्या मुलाने खळीने चिकटविलेले कोणतेही देऊळ रात्रीतून कलते, हे सर्व आयांना ठाऊक आहे. परंतु ज्याच्या बाबतीत ते कलणे हाच कारागिरीचा कळस ठरावा असे देऊळ त्याच्या खिडकीतून दिसत होते, हे त्याचे भाग्य. सकाळी घरातील सर्व वडीलधाऱ्या मंडळींनी एकदा खिडकीतून आणि एकदा टेबलावर पाहून साम्याबद्दल निःशंक ग्वाही दिली. शाळेतील बाई मात्र नीटनेटकेपणाच्या भोक्त्या असाव्यात. त्यांनी मागून काडीचा टेकू देऊन देऊळ सरळ केले आणि दहापैकी सात गुण दिले. तेव्हा आमचे आतोबा, जे निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत दप्तर सांभाळीत आणि आजही किराण्याची यादी 'विषय' व 'संदर्भ' घालून लिहितात, त्यांनी शाळेस एक कैफियत पाठविली की, सदरहू वास्तू मूळची कलती असून ती सरळ केल्यामुळे प्रतिकृतीत इतिहासाचा विपर्यास झाला आहे, सबब कापलेले तीन गुण बहाल करण्यात यावेत. उत्तर आले नाही. टेकू मात्र घरी येताच काढून टाकण्यात आला. म्हणजे टाकण्यात आला नाही, काडी ठेवून दिली.

मुलांच्या खोड्यांना या घाटावर थोडे शास्त्राचे पाठबळही आहे. घाटाच्या वरच आत्मावीरेश्वराचे देऊळ आहे, आणि संतती व्हावी म्हणून त्या देवाची आराधना करण्याची चाल फार जुनी. काशीखंडात विश्वानर नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे: त्याची पत्नी शुचिष्मती हिने शंकरासारखाच पुत्र हवा असा हट्ट धरला, विश्वानराने वीरेश्वराची उपासना केली, गृहपती नावाचा मुलगा झाला, आणि तो पुढे अग्नी झाला. याचा अर्थ, या आळीत नवसाने झालेले पहिले मूल म्हणजे साक्षात आग; मग पुढच्यांनी काय करावे? कलकत्त्याच्या भुवनेश्वरीदेवींनीही काशीतील एका नातलग बाईंकरवी याच वीरेश्वराची पूजा करविली होती, आणि १२ जानेवारी १८६३ रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव प्रथम वीरेश्वरच ठेवले. तो मुलगा इतका खोडकर निघाला की, आपण शंकराजवळ मूल मागितले आणि त्यांनी स्वतः न येता आपल्या भूतगणांतला एक धाडला, असे त्या माउलीस म्हणावे लागले. पुढे जग त्या मुलास स्वामी विवेकानंद म्हणू लागले. आत्या ही हकीकत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास सांगते. विशेषतः नातवाने पाहुण्याच्या चष्म्याची दोरी पतंगास बांधल्यावर.

फुलांच्या बाबतीत आत्याचे काशीशी अजून पटलेले नाही, आणि लग्न होऊन या गावी येऊन तिच्या डोक्याचे केस पांढरे झाले. तिची तक्रार अशी की, ज्या झेंडूस दसऱ्याखेरीज आपल्याकडे कोणी फारसे विचारीत नाही, तो येथे बारमहा, सकाळ-संध्याकाळ, देवास, नावेस, मोटारीस आणि पुढाऱ्यांस घालतात. त्यामुळे दसऱ्याच्या दिवशी दाराला तोरण लावूनही दसरा आल्यासारखा वाटत नाही. बांसफाटकाच्या फूलमंडईत झेंडूच्या माळा सुतळीच्या गुंड्यांसारख्या खांद्यावर टाकून विकतात. आपट्याचे पान तर त्या गावी कोणास ठाऊकच नाही. तेथे दसऱ्यास नीळकंठ पक्ष्याचे दर्शन घेतले की सण पुरा होतो. आत्या कांचनाची पाने आणवते, त्याच कुळातील म्हणून चालवून घेते, आणि शेजाऱ्यांस सोने म्हणून वाटते. शेजारी ती मोठ्या आदराने घेतात. आणि एक शेजारी, जे दरवर्षी तिला ही कसली औषधी असे विचारतात, ते बहुधा उकळूनही पितात.

तिची स्वतःची बाग गच्चीवर आहे: मोगरा, अनंत, जास्वंद, तुळस आणि कुंडीत वाढून कुंडीवर रागावलेला एक प्राजक्त. वानरांच्या भयाने सबंध गच्चीला तारेची जाळी आहे. या नगरीत माणसे पिंजऱ्यात बसतात आणि माकडे बाहेरून पाहावयास येतात. जाळीतून हात घालून कळ्या खुडण्याचे कसब त्यांनी साध्य केले आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती देवीच्या जास्वंदीस हात लावीत नाहीत, नेमका आत्याच्या वेणीचा मोगराच खातात. देवळाबाहेर पडणाऱ्या निर्माल्यावर सांडांचा वहिवाटीचा हक्क आहे. शुक्रवारी संकठेच्या दर्शनाला गर्दी असते. त्या दिवशी एक विशिष्ट सांड देवळाच्या वळणावर येऊन उभा राहतो आणि हारवाल्यांनी शिळ्या माळा पुढे केल्या तर मान फिरवितो. शनिवारी हाच सांड शिळ्या माळा निमूट खातो. वारांचे असे ज्ञान पंचांग न पाहता मला स्वतःला नाही.

आता वाचनाकडे येतो. कारण त्या घरातील खरा कलह तेथे आहे. आतोबांजवळ जुन्या मराठी मासिकांचा एक ट्रंकभर संग्रह आहे. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली 'मनोरंजन'ने काढला आणि त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र होते, एवढ्या नामसादृश्याच्या बळावर ते दिवाळी अंक ही मूळ काशीचीच देणगी आहे असे प्रतिपादन करतात. यास कोणी आधार विचारला तर ते विचारणाराकडे असे पाहतात की आधार विचारणे हाच एक ग्राम्यपणा असावा.

संध्याकाळी ते मुलांना गच्चीवर घेऊन मोठ्याने वाचतात, आणि मी होतो तेव्हा विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' चालले होते. त्या घाटावर बसून ऐकावयास याहून समर्पक पुस्तक नाही. कोकणातील वरसईचे हे भटजी घरच्या कर्जास कंटाळून १८५७ साली उत्तरेस निघाले ते एवढ्याच आशेने की, मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून भरपूर दक्षिणा वाटली जाणार आहे. दक्षिणा राहिली बाजूला. वाटेत बंड उद्भवले, आणि हा गरीब वैदिक झाशीच्या वेढ्यात सापडून, लुटीतून सहीसलामत सुटून, शेवटी मातापित्यांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परतला. पुस्तक छापून निघाले १९०७ साली. बायजाबाईंच्या घाटावर बायजाबाईंच्या दक्षिणेची ही कथा वाचताना आतोबांचा कंठ दाटून येतो. मुलांच्या मनात मात्र एकच प्रश्न.

"आजोबा, वाटेत कावड सांडली असती तर?"

"तर काय, परत यावे लागले असते."

"मग आपल्याकडे उतरले असते?"

आतोबांनी पुस्तक मिटून बराच विचार केला आणि "उतरले असते," अशी कबुली दिली. त्यावर थोरल्या नातीने, भटजींना माडीवरची खोली द्यावी की खालची, आणि ते सोवळ्यात असल्याने त्यांच्या कावडीस मांजर शिवणार नाही याचा बंदोबस्त कसा करावा, ही चर्चा काढली. ती जेवणे होईपर्यंत चालली आणि झाशीचा वेढा त्या रात्री तसाच राहिला.

कलह उत्पन्न झाला तो दिवाळी जवळ आल्यावर. आकाशकंदिलास कागद हवा आणि होड्यांनाही कागद हवा. होड्यांची तर घाटावर रोजची गरज. आतोबा दुपारी निद्रिस्त असता ट्रंक उघडली गेली आणि जुन्या अंकांची पाने नाहीशी होऊ लागली. मुलांनी या कामी जी निवड केली ती मी कौतुकाने तपासून पाहिली. रंगीत व जाड असल्यामुळे कंदिलासाठी जाहिराती उत्तम; केसाचे तेल आणि दंतमंजन यांच्या पानांतून उजेड फार गोड पडतो. होड्यांसाठी लेख आणि कविता. त्यातही अनुभव असा की, वैचारिक लेखाची होडी दोन-तीन हातांवर जाऊन बुडते आणि कवितेची बरीच लांब जाते, कारण कवितेच्या पानावर शाई कमी आणि कोरी जागा पुष्कळ. मराठी समीक्षेने अद्याप या कसोटीचा विचार केलेला नाही.

आतोबा जागे झाले. रीतसर चौकशी झाली, जबान्या झाल्या, आणि निवाडा असा ठरला की, पान फाडण्यापूर्वी ते आतोबांसमोर रुजू करावे, त्यांनी ते वाचून 'वाचले, हरकत नाही' असा शेरा मारावा, आणि मगच ते कात्रीखाली जावे. व्यवस्था अगदी निर्दोष होती. अडचण एकच झाली: पहिले पान हाती येताच आतोबा ते वाचू लागले, त्याच्या शेवटी कथा अपुरी म्हणून त्यांनी पुढचे पान मागविले, त्यानंतर ट्रंकच आपल्या खोलीत आणवून घेतली, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी वाचून विसरलेल्या एका कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात असे काही गुंतले की, आत्याने चहा आणून ठेवला तो थंड झाला, परत गरम करून ठेवला तोही थंड झाला, आणि मुले कात्री घेऊन उंबऱ्यावर मंजुरीची वाट पाहत ओळीने बसून राहिली. अखेरीस पूर्वीच जमा केलेल्या जाहिरातींवर आणि 'मनोहर' मासिकाच्या एका मुखपृष्ठावर कंदील उरकावा लागला.

तो कंदील बाहेर टांगताच आणखी एक घोटाळा झाला. काशीत कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या करंड्यांतून दिवे टांगतात. ते आकाशदीप पितरांना वाट दिसावी म्हणून असतात. आमचा कंदील दिसताच समोरचे वृद्ध गृहस्थ गंभीर चेहऱ्याने आले, त्यांनी हात जोडले आणि विचारले, "किसके नाम का है, बेटा?" नातवाने मान वर करून कंदिलावरची अक्षरे जुळवून वाचली आणि सांगितले, "मनोहर का." "राम राम," म्हातारबुवा म्हणाले, "भले आदमी रहे होंगे." आत्या त्यांचा गैरसमज दूर करावयास निघाली होती, पण आतोबांनी तिला थांबविले. 'मनोहर' बंद पडून बरीच वर्षे झाली, आणि होते ते भलेच, असे त्यांचे म्हणणे.

तथापि या सर्वांहून मोठा उद्योग म्हणजे किल्ला. श्रावण-भाद्रपदात गंगा शिंदे घाटाच्या पायऱ्या गिळून वर येते आणि आश्विनात उतरताना त्यांवर गाळाचे असे थर ठेवून जाते की, ते पंपाच्या धारेने धुवून पुन्हा नदीत ढकलण्याचे काम कित्येक दिवस चालते. मुलांच्या दृष्टीने हा शुद्ध अपव्यय होय. पंप येण्यापूर्वी घमेली भरून गाळ वर नेण्यासाठी घरादाराला कामास जुंपण्यात आले. आणि पुण्यामुंबईस पोते दोन पोती लाल मातीसाठी मोल मोजणाऱ्या आईबापांना मी आग्रहपूर्वक सांगू इच्छितो की, बुरूज लिंपावयास गंगेच्या गाळासारखा दुसरा पदार्थ नाही. त्याने माखलेल्या मुलास आंघोळ घालताना आजी म्हणते की आज स्नानाचे पुण्य आधीच झाले आहे.

किल्ला रायगडच, हे ठरलेले होते. वाद निघाला तो तळ्यावरून. मुलांनी माथ्यावर एक खळगा करून त्यात तांब्याभर गंगा ओतली. आतोबा म्हणाले, सह्याद्रीच्या शिखरावर गंगा कोठून आली? थोरली नात पाचवीत आहे. तिने शांतपणे सांगितले की, रायगडावर गंगासागर तलाव आहे, महाराजांच्या अभिषेकाच्या तीर्थोदकावरून त्यास ते नाव पडले, आणि १६७४ साली तो राज्याभिषेक करणारे गागाभट्ट येथलेच, काशीचे. आतोबा निरुत्तर झाले. नंतर त्यांनी ही गोष्ट आळीत घरोघर जाऊन स्वतःच्या नावावर सांगितली. जगदीश्वराचे मंदिर म्हणून ते पुठ्ठ्याचे रत्नेश्वर, टेकूवाचून, गडावर बसविण्यात आले. अशा रीतीने रायगडावरही एक वास्तू कलली.

शेजारची मुलगी त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकास आपला घरौंदा रचीत होती. त्या मुलखात दिवाळीस मुली मातीचे छोटे घर करतात, ते रंगवितात आणि आत लाह्या-बत्तासे ठेवतात. ओटा एक आणि राज्ये दोन, तेव्हा सरहद्दीचा तंटा अटळ होता. अखेर असे ठरले की, घरौंद्याने गडास बत्तासे द्यावेत, गडाने घरौंद्यास चकल्या द्याव्यात आणि परचक्र आल्यास दोघांनी एकत्र लढावे. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले होते. त्या मानाने चकल्यांवर निभावले. परचक्र आलेच. गडाच्या उतारावर मोहरी पेरली होती, ती चारपाच दिवसांत हिरवीगार उगवून आली आणि वसुबारसेच्या सकाळी तो शुक्रवारचा सांड गल्लीच्या वळणावरून वर आला. खरा रायगड १६८९ साली झुल्फिकारखानाच्या हाती जाण्यापूर्वी कित्येक महिने झुंजला. आमचा रायगड सांडाने एका घासात महादरवाजापासून टकमक टोकापर्यंत साफ केला, गंगासागर पिऊन टाकला, कलत्या जगदीश्वरास मात्र हुंगून सोडून दिले, आणि वाटेत घरौंद्यातील बत्तासे खाऊन तहाचा मान राखला. मुले रडली नाहीत. "नंदी आहे, त्याला चालते," असे नातवाने जाहीर केले आणि घमेले उचलले. पंपवाले अद्याप खालच्या पायऱ्यांवर होते.

किल्ला धनत्रयोदशीस पुन्हा उभा राहिला. आता प्रश्न उरला तो फौजेचा, आणि याच कारणाने मी हा लेख लिहिण्यास बसलो आहे. काशीत लाकडाची, लाखेच्या रंगांत रंगविलेली खेळणी फार सुरेख मिळतात: हत्ती, पोपट, चिमुकली भांडीकुंडी, आणि तुताऱ्या-ढोल घेतलेल्या बँडवाल्यांचा सबंध ताफा. मातीच्या मूर्तींत दिवाळीस लक्ष्मी आणि गणेश यांची जोडी गल्लीगल्लीत विकावयास असते. मिळत नाही तो मावळा. परिणामी यंदा महादरवाजावर बँड उभा होता, टेहळणीस दोन पोपट होते, आणि सिंहासनावर, महाराज न मिळाल्यामुळे, लक्ष्मी-गणेशांस शेजारी शेजारी बसवावे लागले. आत्याने तेवढ्यावर हळदकुंकू वाहून घेतले, पण नातवाचे समाधान झाले नाही. तेव्हा वाचकांपैकी जे कोणी पुढील वर्षी दसऱ्याच्या सुमारास काशीयात्रेस निघणार असतील त्यांना हात जोडून विनंती आहे की, निघताना कुंभारवाड्यातून डझन दोन डझन मावळे, एक तुतारीवाला, दोन भालदार-चोपदार आणि सिंहासनाधिष्ठित महाराज एवढी मातीची चित्रे बरोबर घ्यावीत आणि शिंदे घाटावर पोचती करावीत. टपालाने धाडू नयेत, फुटतात. पेंढ्यात बांधून मांडीवर न्यावीत, आणि तोफ न्यावयाची असेल तर ती बार न उडविणारीच पाहून घ्यावी.